उशीर होणार हे सगळ्यात शेवटी कुणाला कळलं? प्रकल्पातला संवाद आणि नेतृत्व : तुमचे अनुभव लिहा

आमचा एक प्रकल्प नुकताच सहा आठवडे उशिरा संपला. मी टीम लीड. शेवटच्या पंधरवड्यापर्यंत माझ्या कामांच्या तक्त्यात सगळ्या ओळी हिरव्या, म्हणजे 'वेळेवर' होत्या. नंतर एकेकाशी बोललो तेव्हा कळलं, की उशीर होणार हे चौघांना दोन महिने आधीच ठाऊक होतं. त्यातल्या एकीला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "सर, सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, अडचणी नको, उत्तरं घेऊन ये. उत्तर माझ्याकडे नव्हतं."

मी तसं म्हणालो होतो. ते वाक्य मी कित्येकांना ऐकवलंय. तेव्हापासून मनातून जात नाही, म्हणून विचारतोय : तुमच्याकडे बातमी कुठे अडली आणि कुणामुळे सुटली? कंपन्यांची नावं नकोत, जे घडलं ते लिहा.

* * *

मी बांधकामात आहे. स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी प्लंबिंगच्या पाइपांसाठी सोडायच्या भोकांच्या जागा बदलल्या. नवं ड्रॉइंग मेलवर आलं, मी पुढे पाठवलं आणि निर्धास्त झालो. साइटवर भिंतीला चिकटवलेली प्रत मात्र जुनीच होती, आणि फोरमन मेल बघत नाही हे मला माहीत होतं. स्लॅब जुन्या ड्रॉइंगप्रमाणे भरला गेला. मग कोअर कटिंगचं मशीन आणून सात भोकं पाडली, तीही सळ्या चुकवत.

आता नवं ड्रॉइंग आलं की जुन्या प्रती आधी गोळा करतो, त्यांवर लाल शाईने 'रद्द' लिहितो. फोरमनला नवी प्रत देताना काय बदललंय ते त्याच्याच तोंडून ऐकतो. पाच मिनिटं जातात. दोनदा त्याने चुकीचं सांगितलं, म्हणजे दोन स्लॅब वाचले.

* * *

वरचं वाचून 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' आठवलं. नासाचं हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाशी पोचताना हरवलं. एका गटाचं सॉफ्टवेअर आकडे पाउंड-बल-सेकंदांत देत होतं, दुसरा गट ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होता. चौकशीत एककांच्या चुकीबरोबर गटांमधल्या अपुऱ्या संवादावरही बोट ठेवलं गेलं.

आमच्याकडे घोटाळा 'झालं' या शब्दाचा होता. प्रोग्रामर 'झालं' म्हणायचा तेव्हा कोड लिहून झालेला असायचा. टेस्टरला वाटायचं, तपासायला द्यायला तयार आहे. क्लायंटला वाटायचं, उद्यापासून वापरता येईल. तिघंही खरंच बोलत होते! शेवटी 'झालं' म्हणजे नेमकं काय ते चार ओळींत लिहून सगळ्यांकडून मान्य करून घेतलं, तेव्हा भांडणं थांबली.

* * *

मला थोडं वेगळं म्हणायचंय. सगळ्यांचं ऐकून घेणारा प्रमुख प्रत्येक वेळी बरा असतो असं नाही. आमच्या मॅडम फार चांगल्या, प्रत्येकाला विचारून निर्णय घ्यायच्या. एकदा डेटा नव्या सिस्टीमवर हलवताना रात्री दोन वाजता काम फसलं. कॉलवर अकरा जण, आणि मॅडम विचारतायत, "तुम्हाला काय वाटतं?" चाळीस मिनिटं गेली. मग डेटाबेस सांभाळणारा सीनियर म्हणाला, "मागे फिरायचं, जुन्या सिस्टीमवर. तू लॉग (सिस्टीमच्या नोंदी) बघ, तू क्लायंटला कळव, बाकीच्यांनी माइक बंद ठेवा." सगळ्यांना हायसं वाटलं.

पण तोच सीनियर पुढच्या आठवड्यात डिझाइनच्या मीटिंगमध्येही तसाच बोलला आणि कुणी तोंड उघडलं नाही. दोन जणांना त्यात खोट दिसली होती, ती जेवताना कळली.

मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये मुलांच्या गटांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. हुकूम सोडणाऱ्या प्रमुखाने पाठ फिरवली की मुलांचं काम मंदावायचं. मुलांना विचारून चालणाऱ्याच्या गटात ते बरंचसं चालू राहायचं. माझ्या मते संकटाच्या रात्री हुकूमच हवा, पण सकाळी तो आवाज खाली ठेवता आला पाहिजे. हे जमणारी माणसं मला फार थोडी भेटली.

* * *

थोडक्यात लिहितो. काम मागे पडलं म्हणून साहेबांनी पाच जणांच्या टीममध्ये आणखी सात जण आणले. पाच जणांत बोलण्याच्या १० जोड्या होतात, बारा जणांत ६६. पहिले तीन आठवडे जुने पाच जण फक्त समजावून सांगत होते. साहेबांनी आधी आम्हाला विचारलं असतं तर दोघंच मागितले असते.

* * *

सगळ्यांचे आभार. ड्रॉइंग तोंडून वदवून घेण्याची पद्धत आम्हीही सुरू केली.

आज सकाळी सव्वानऊला त्याच मुलीचा फोन आला. "सर, पेमेंटचा भाग गुरुवारी होणार नाही. काय करायचं ते मलाही कळत नाहीये." मी विचारलं, "सोबत कोण हवंय?" तिने दोन नावं सांगितली. त्यातला एक जण दुपारपासून तिच्या शेजारी बसलाय, आणि तक्त्यातली ती ओळ मी स्वतः लाल केली.