100 मीटर 13.4 वर अडकलंय, काय वाढवू?

लालमाती
नमस्कार मंडळी. मी साताऱ्याचा, वय 22. पोलीस भरतीची तयारी करतोय. 1600 मीटर चांगलं जातं, गोळाही बरा पडतो. पण 100 मीटर चार महिने झाले 13.4 च्या खाली येईना. मैदानीच्या 50 गुणांत त्याचे 15 आहेत, सोडून कसे चालतील? रोज पहाटे 5 किलोमीटर, मग लगेच 100 मीटरच्या दहा फेऱ्या, मध्ये दोन-दोन मिनिटं दम खातो. रविवारीही सुट्टी नाही. अजून काय वाढवू?

जुना_स्प्रिंटर
काही वाढवू नकोस भावा, कमी कर. 5 किलोमीटरनंतर थकलेल्या पायांनी दहा फेऱ्या मारतोस, म्हणजे शरीराला रोज हळू पळायचीच सवय लावतोस. वेग ताज्या पायांनीच वाढतो.

आठवड्यातून दोनच दिवस स्प्रिंट ठेव, मध्ये किमान दोन दिवसांचं अंतर. वॉर्मअप नीट 20 मिनिटं. मग 30 मीटरचे चार-पाच स्टार्ट, प्रत्येकानंतर तीन मिनिटं थांब. त्यानंतर 60 मीटर तीनदा, पूर्ण जोर लावून, मध्ये सहा मिनिटं. दर 10 मीटरला एक मिनिट विश्रांती, हा हिशोब डोक्यात ठेव. बसून राहायला जिवावर येतं, मला माहीत आहे, तरी बस. वेळ जास्त लागायला लागला की त्या दिवसापुरतं बंद.

तू साताऱ्यात आहेस तर यवतेश्वरच्या घाटाचा फायदा घे. गर्दी नसताना, कडेने, 8 सेकंदांचे चढ सहा वेळा, उतरताना चालत. चढावर पाय आपोआप जमीन मागे ढकलायला शिकतो, आणि मांडीच्या मागच्या स्नायूला सपाटीपेक्षा कमी ताण बसतो.

शेवटच्या 30 मीटरात दात-ओठ खाऊन पळू नकोस. तिथे सगळेच मंदावतात. 2009 मध्ये बर्लिनला 9.58 मारणारा बोल्टसुद्धा 60 ते 80 मध्ये सर्वात वेगात होता, पुढे किंचित उतरला. खांदे आणि जबडा सैल ठेव.

पहाटपळी
टायमिंग कोण घेतं? मित्र हातात घड्याळ धरून घेत असेल तर सावध राहा. हाताने घेतलेली वेळ 100 मीटरला इलेक्ट्रॉनिकपेक्षा साधारण पाव सेकंद कमी दिसते. मी घरच्या मैदानावर 15.1 वर खूश होते, भरतीत 15.4 निघालं आणि फार रडले. तेव्हापासून मोबाईलवर व्हिडिओ काढून फ्रेम मोजते.

लालमाती
दादा, ताई, मनापासून आभार. मित्रच घेतो वेळ. म्हणजे खरं 13.6 धरायचं. आणि 1600 चं काय? 5 किलोमीटर सोडलं तर ते बिघडेल ना?

जुना_स्प्रिंटर
सोडू नकोस, वेगळ्या दिवशी ने. सोम-गुरू स्प्रिंट, मंगळ-शनि लांब पळ, बुधवारी घाट नाहीतर ताकदीचे व्यायाम. रविवारी झोप.

पहाटपळी
घाट केलास त्या बुधवारनंतर गुरुवारी पाय जड वाटले तर स्प्रिंट शुक्रवारी ढकल. आणि मांडीच्या मागे बारीक कळ आली तर त्या क्षणी थांब. मी दोन फेऱ्या ‘होऊन जाऊ दे’ म्हणून मारल्या आणि सहा आठवडे घरी बसले.