ऑफिसातनं पुण्याच्या पोरांना मेल जाईना, जीमेलवरनं मात्र जातोय

शिरोलीवाला:
भावांनो जरा बघा. शिरोली एमआयडीसीत फाउंड्री हाय, ऑफिसात उबुंटूवर पोस्टफिक्स (मेल इकडून तिकडं पोचवणारा सर्व्हर) आणि डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारा), 14 जणांचे मेल त्यावर. डोमेनचा एमएक्स (बाहेरचा मेल कुठल्या सर्व्हरला द्यायचा ती नोंद) होस्टिंगवाल्याकडं, तिथनं फेचमेल दर 5 मिनिटांनी मेल ओढतंय. आता मालकांनी पुण्यात सेल्सला 4 पोरं घेतली, त्यांची खाती फक्त होस्टिंगवर. ऑफिसातनं त्यांना मेल टाकला की लगेच माघारी, 'युजर अननोन इन लोकल रेसिपिएंट टेबल'. काल ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर टाकलं तर फोटो बारीक होऊन मापंच वाचता येईनात.

पंचगंगाकाठ:
पोस्टफिक्सच्या मायडेस्टिनेशनमध्ये (आपली म्हणून धरलेल्या डोमेनांची यादी) तुमचं डोमेन हाय न्हवं? मग सर्व्हर म्हणतोय हे घर माझं आणि असलं पोरगं इथं राहत नाही, तो एमएक्स बघायला जातच नाही. मेन.सीएफ या सेटिंग फाइलमध्ये लोकल_रेसिपिएंट_मॅप्स (इथल्या नावांची तपासयादी) रिकामं सोडा आणि फॉलबॅक_ट्रान्सपोर्टला (नाव इथं सापडलं नाही तर मेल कुठं धाडायचा) होस्टिंगचा सर्व्हर द्या, नाव चौकोनी कंसात घाला नाहीतर परत एमएक्स शोधत बसतंय. पण 25 पोर्ट (सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो दरवाजा) बाहेरनं उघडा असंल तर रिकामं सोडू नका, स्पॅमवाले कुठल्याबी नावानं मेल आत घालतील.

तांबडापांढरा:
थांबा, होस्टिंगवर कॅच-ऑल (नसलेल्या नावांचे मेल गोळा करणारं खातं) हाय का बघा आधी. फेचमेल मल्टिड्रॉपवर (एकाच खात्यातनं सगळ्यांचे मेल ओढून वाटणं) असंल तर चुकीच्या नावाचा मेल कॅच-ऑलमध्ये पडणार, फेचमेल तो ऑफिसात आणणार, पोस्टफिक्सला नाव सापडणार नाही म्हणून परत होस्टिंगला, परत कॅच-ऑल... आमच्यात एका टायपोनं रात्रभर हाच खेळ चाललेला.

राजारामपुरी_कट्टा:
एवढा उपद्व्याप कशाला, 18 च्या 18 जण होस्टिंगवर टाका की.

शिरोलीवाला:
@राजारामपुरी_कट्टा टाकलं असतं ओ, पण आमच्या रोडला महिन्यातनं एकदा तरी जेसीबी केबल तोडतोय. नेट नसलं तरी स्टोअरचा मेल अकाउंटला गेला पायजे.

अपडेट: कॅच-ऑल चालूच होतं, बंद केलं. मग फॉलबॅक टाकला तर मेल माघारी येईनात पण पोचेनात बी, लॉगमध्ये नुसतं 'कनेक्शन टाइम्ड आउट'. नेटवाल्यानं बाहेर जाणारं 25 बंद ठेवलंय! होस्टिंगवर एक खातं काढलं, त्याच्या लॉगिननं 587 पोर्टवरनं (लॉगिन करून मेल द्यायचा दरवाजा) पाठवायला लावलं, पोस्टक्यू -एफ (अडकलेली रांग सोडायची कमांड) मारलं आणि रांगेतले 11 मेल सुटले. सगळ्यात वरचा मालकांचा, 'ड्रॉइंग मिळालं का?'