शब्दचर्चा: त्रुटी की कसूर? आणि बंदूक ‘बाळगतात’ का?

पिट्सबर्गी

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातलं बटलर गाव माझ्या घरापासून गाडीने पाऊण तासावर. १३ जुलै २०२४ च्या संध्याकाळी तिथल्या प्रचारसभेत ट्रम्प यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. तेव्हापासून आई (तालुका संगमेश्वर) अधूनमधून फोनवर तो विषय काढते आणि मी दर वेळी त्याच दोन जागी अडतो.

पहिली जागा. वीस वर्षांचा पोरगा रायफल घेऊन सभेच्या मैदानाला लागून असलेल्या इमारतीच्या छपरावर चढतो, व्यासपीठापासून जेमतेम १३० मीटरवर. खालचे लोक बोटं दाखवून ओरडतायत. एक स्थानिक पोलीस साथीदाराच्या आधाराने छपराच्या कडेला लोंबकळून वर डोकावतो, तर पोरगा रायफलीसकट त्याच्याकडे वळतो. पोलीस हात सोडून खाली पडतो. काही क्षणांत आठ गोळ्या सुटतात. एक श्रोता ठार, दोघे गंभीर जखमी, एक गोळी ट्रम्प यांच्या कानाला चाटून गेली. ह्याला म्हणायचं काय? पेपरात ‘सुरक्षेतील त्रुटी’ येतं. तेच मी आईला म्हटलं, तर ती म्हणाली, “कसली त्रुटी? फॉर्मवर सही राहिली होती काय?”

दुसरी जागा. रायफल वडिलांची, रीतसर विकत घेतलेली. मुलाकडे आली तीही रीतसर. पण ‘बंदूक बाळगत होता’ म्हटलं की आईच्या डोळ्यांपुढे गुंड उभा राहतो. इथे तर बंदूक घरोघर. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी हरणांच्या शिकारीसाठी कित्येक शाळांना सुट्टी असते. शेजारचे आजोबा दर डिसेंबरात कागदात गुंडाळलेलं हरणाचं मांस आणून देतात, आपण फराळाचं ताट द्यावं तसं. ह्या ‘बाळगण्या’ला दुसरा शब्द आहे का?

ठाणे अंमलदार (निवृत्त)

मातोश्रींना नमस्कार सांगा. त्यांनी नेमकं पकडलं.

त्रुटी कागदाची असते. ‘त्रुटींची पूर्तता करून प्रस्ताव फेरसादर करावा’, असा शेरा मारून फाईल परत येते. माणसाकडून होते ती कसूर. आमच्याकडे बंदोबस्तात नेमल्या पॉइंटवर माणूस सापडला नाही, तर कसुरी रिपोर्ट जायचा. त्यावर नाव आणि बक्कल नंबर असायचा. ‘सुरक्षेत त्रुटी आढळल्या’ ह्या वाक्यात आढळल्या कुणाला तेवढं कळतं, केल्या कुणी ते कळत नाही. म्हणून तर साहेब लोकांना तो शब्द आवडतो.

बाकीचे शब्दही सरसकट वापरू नयेत. हलगर्जीपणा म्हणजे काम माहीत आहे, जमतंही, पण सैलपणे केलं. गाफील म्हणजे जागेवर आहे, डोळे उघडे आहेत, पण धोका येईल हे मनातच नाही. कुचराई म्हणजे जाणूनबुजून कमी केलं. ढिसाळपणा एकट्याचा नसतो, तो कारभाराचा. बटलरच्या त्या छपराकडे कोण बघणार, हे ट्रम्प यांच्या संरक्षणाची जबाबदारी असलेली सीक्रेट सर्व्हिस आणि स्थानिक पोलीस यांच्यात धडपणे ठरलेलंच नव्हतं. म्हणजे मुळात ढिसाळपणा आणि त्याच्या पोटात चार-दोन जणांची कसूर.

पिट्सबर्गी

पण शिक्षा झाली की. सीक्रेट सर्व्हिसच्या सहा जणांचं निलंबन झाल्याची बातमी २०२५ च्या जुलैत आली होती.

ठाणे अंमलदार (निवृत्त)

त्यातही शब्दाची गंमत आहे. त्यांचं ते १० ते ४२ दिवसांचं बिनपगारी होतं, म्हणजे तीच शिक्षा. आपल्याकडचं निलंबन ही शिक्षा नव्हे, चौकशी होईपर्यंत कामावरून दूर ठेवणं. निर्वाह भत्ता मिळतो. ‘निलंबित’ वाचून आपल्या वाचकाला वाटतं आता पुढे चौकशी होणार. तिथे ती होऊन गेलेली होती. ‘दहा दिवस बिनपगारी घरी बसवलं’ असं लिहिलं तर निदान खरं तरी होईल.

आडवाट

जाता जाता: सीक्रेट सर्व्हिसला ‘गुप्तहेर खातं’ म्हणणं बंद करा कृपया. १८६५ मध्ये ते निघालं खोट्या नोटा पकडायला. १९०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लींची हत्या झाल्यावर ह्या खात्याकडे राष्ट्राध्यक्षांना जपायचं काम आलं. हेरगिरीचा संबंध नाही. नाव तसंच ठेवावं.

बखरवाचक

मारेकरी आणि रखवालदार हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात बघायचे असतील तर ‘गारदी’ घ्या. हा शब्द ‘गार्ड’वरूनच आलेला. युरोपी पद्धतीची कवायत शिकलेले शिपाई ते गारदी. पानिपतावरचा इब्राहिमखान गारदी तोच. पुढे ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांना गारद्यांनीच मारलं आणि शब्दाचा रंग कायमचा पालटला. आज ‘त्याने गारदी घातले’ म्हटलं की मारेकरीच डोळ्यांपुढे येतात. ज्या वाड्यावर पहारा द्यायचा त्याच वाड्यात त्यांनी तलवार चालवली, म्हणून राखणदाराचं नाव मारेकऱ्याला चिकटलं.

बटलरचं प्रकरण मात्र ह्या जातीचं नाही. ते २० जानेवारी १९४८ च्या जातीचं आहे. त्या दिवशी दिल्लीत बिर्ला हाउसमधल्या गांधींच्या प्रार्थनासभेजवळ गोडसेच्या कटातल्या मदनलाल पाहवाने स्फोट केला. जागीच पकडला गेला. गांधींना मारण्याची त्याची बढाई आधी ऐकलेले रुइया कॉलेजचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन दुसऱ्याच दिवशी मुंबईत मुंबई सरकारचे प्रमुख बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांना जाऊन भेटले. दिल्ली पोलिसांच्या हातात एक आरोपी, मुंबई सरकारच्या कानावर एक कट. तरी दहा दिवसांनी नथुराम गोडसे त्याच प्रार्थनासभेत पिस्तूल घेऊन पोहोचला. पुढे कपूर आयोगाने हे सगळं उकरलं, १९६९ मध्ये.

बटलरलाही पोरगा तासभर आधीच स्थानिक पोलिसांच्या नजरेत भरला होता. त्याचा फोटो त्यांच्या फोनांवर फिरला होता. पण त्यांच्या बिनतारी संदेशांची वाहिनी वेगळी, सीक्रेट सर्व्हिसची वेगळी. कळलं होतं, कळवलं गेलं नाही. मराठीत हा फरक एका ‘व’चा आहे, आणि मला तरी ह्या प्रकाराला ‘त्रुटी’पेक्षा ‘निरोप पोहोचला नाही’ हेच जास्त नेमकं वाटतं.

गोदाकाठ

बखरवाचक, गांधींचा विषय काढलातच तर ‘वध’ आणि ‘हत्या’ यांच्याबद्दलही लिहा की. वध कंसाचा, अफजलखानाचा. म्हणजे मारणाऱ्याची बाजू आधीच घेतलेली. ‘गांधीवध’ म्हणणारा माणूस एका शब्दात आपला पक्ष सांगून मोकळा होतो.

बखरवाचक

खरंय. तो स्वतंत्र धागा होईल आणि तिथे हाणामारी होईल. इथे नको.

सातवा माळा

आणखी दोन चुका सांगतो. बटलरची रायफल ‘एआर-१५’ जातीची, पण त्यातलं ‘एआर’ म्हणजे ‘असॉल्ट रायफल’ नव्हे. ती काढणाऱ्या आर्मालाइट कंपनीच्या नावातली ती अक्षरं. आणि बटलरची बंदूक ‘स्वयंचलित’ नव्हती, अर्धस्वयंचलित होती. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पुढची मात्र आपोआप नळीत येते. गोळीबार ‘बेछूट’ही नव्हता. नेम धरून झाडलेल्या गोळ्या त्या.

नेमावरून आठवलं. ज्याने त्या पोराला टिपलं त्या ‘काउंटर स्नायपर’ला मी एका भाषांतरात ‘नेमबाज’ लिहून मोकळा झालो होतो. तीन आठवड्यांच्या आत, १ ऑगस्टला, कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवलं आणि सगळीकडे ‘नेमबाज’ झळकला. तेव्हापासून हात कचरतो. आता ‘सीक्रेट सर्व्हिसचा बंदूकधारी’ लिहितो. बेचव आहे, पण घोटाळा होत नाही.

आडवाट

आपल्या मथळ्यांत ‘निशाणा साधला’, ‘तोफ डागली’ हे रोजचंच. बायडन यांनीही हल्ल्याच्या काही दिवस आधी देणगीदारांशी बोलताना ट्रम्पना ‘बुल्सआय’मध्ये, म्हणजे निशाण्याच्या मध्यभागी, ठेवण्याची भाषा केली होती. नंतर तो शब्द वापरणं चूक होती असं कबूल केलं. आपल्याकडचा कुठला उपसंपादक ‘निशाणा’ मागे घेईल?

ठासणी

दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी बघेना म्हणून लिहितो. मी सिंधुदुर्गातला. आमच्या घरी आजोबांपासून ठासणीची बंदूक आहे, शेतीसंरक्षणाच्या परवान्याची. डुकरं आणि वानरं, दुसरं काम नाही. निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की रांगेत उभं राहून परत आणायची. तेवढ्यात डुकरं भात लोळवून जातात ते वेगळं.

ह्या बंदुकीला घरात कुणी ‘बाळगतो’ म्हणत नाही. ‘आमची बंदूक आहे’ म्हणतात, जसं ‘आमचा बैल आहे’. ‘बाळगणे’ फिर्यादीत येतं: विनापरवाना गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे बाळगल्याप्रकरणी.

गोदाकाठ

ठासणी, अगदी बरोबर. ‘बाळगणे’ला आतल्या खिशाचा वास आहे. माणूस भीती बाळगतो, मनात अढी बाळगतो, गुप्तता बाळगतो. चारचौघांत मिरवायच्या वस्तूला तो शब्द बसत नाही. गाडी बाळगतो कोण?

आता अमेरिकी घटनेची १७९१ ची दुसरी दुरुस्ती बघा. तिथे दोन क्रियापदं आहेत आणि आपण दोन्ही मिळून ‘शस्त्र बाळगण्याचा अधिकार’ असं एकच करून टाकतो. एक आहे घरी ठेवण्याचं, दुसरं अंगावर घेऊन फिरण्याचं. दुसऱ्याला मराठीत झकास शब्द पडून आहे: वागवणे. म्हातारा काठी वागवतो, आपण उगाच जड पिशवी वागवतो. ‘शस्त्र ठेवण्याचा व वागवण्याचा अधिकार’. तिकडचं अर्धं भांडण ह्या दोन क्रियापदांमधलंच आहे.

शिवाय मुळात आपला शब्द ‘परवाना’ आणि त्यांचा ‘अधिकार’. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे सरकार देईल तेव्हा बंदूक. त्यांच्याकडे सरकारने अडवायचं तर कारण सरकारने दाखवायचं. म्हणून ‘बंदुकीच्या परवान्यावरून अमेरिकेत वाद’ असला मथळा वाचला की हसू येतं.

पिट्सबर्गी

‘वागवणे’ उचलला! इथला नियम आता सांगता येईल. वीस वर्षांच्या मुलाला दुकानातून पिस्तूल मिळत नाही, बियरही मिळत नाही, दोन्हींना २१ लागतात. रायफलीला १८ पुरतात. हे आईला पटवणं शब्दाच्या पलीकडचं काम आहे.

आणि वाद म्हणाल तर ह्या खेपेस तो बंदुकीचा झालाच नाही फारसा. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर हल्ला झाला, त्यात त्यांचे प्रसिद्धिप्रमुख ब्रेडी जन्माचे जायबंदी झाले. ब्रेडींच्या नावाचा, बंदुकीच्या गिऱ्हाइकाची पूर्वतपासणी करण्याचा कायदा यायला १९९३ उजाडलं. पण आला. बटलरनंतर चौकश्या झाल्या त्या पहाऱ्याच्या. सीक्रेट सर्व्हिसच्या संचालक किंबर्ली चीटल २२ जुलैला संसदीय समितीपुढे बसल्या आणि २३ ला राजीनामा देऊन गेल्या. रायफलीला कुणी काही विचारलं नाही.

ठाणे अंमलदार (निवृत्त)

मग मातोश्रींना काय सांगितलंत शेवटी?

पिट्सबर्गी

काल फोन झाला. ‘कसूर’ म्हटलं, लगेच पटलं. मग तिने विचारलं, “छपरावर माणूस का नव्हता ठेवला?” मी म्हटलं, चीटलबाई टीव्हीवर म्हणाल्या होत्या की छप्पर उतरतं होतं, माणूस वर उभा करणं धोक्याचं वाटलं.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, “तुझे बाबा आत्ता मे महिन्यात कौलं परतायला चढले होते. एकाहत्तरावं चालू आहे. वानरांनी सगळी पुढची पडवी नासवली.” आणि मग फणस पाठवायचं कसं त्यावर बोलायला लागली.