शाळेत शू दाबून ठेवते, पाण्याची बाटली भरलेलीच परत येते

कोथरूडची आई:
मुलगी साडेतीन वर्षांची, जूनपासून नर्सरी सुरू झालीये, नऊ ते साडेबारा. तिथे ती शूला जातच नाही. घरी आली की बूट न काढता बाथरूमकडे पळते, कधी दारातच होते आणि मग रडारड. बाटली देते तशीच परत येते. आता शीपण दोन-तीन दिवस होत नाही, झाली तर खडा, दुखतं म्हणून परत दाबून धरते. टीचर म्हणाल्या ती मागतच नाही. सासूबाई म्हणतात लाड कमी करा. काय करू?

सिंहगड रोडचा बाबा:
लाडाचा विषयच नाही हो यात. आमच्या मोठीचं असंच होतं, आम्ही दुर्लक्ष केलं आणि एक दिवस ताप, सर्दी नाही खोकला नाही, डॉक्टरांनी लघवी तपासायला लावली तर इन्फेक्शन. तेव्हा कळलं की शी साठून राहिली की मूत्राशयावर दाब येतो, शू पूर्ण होत नाही, राहिलेल्या लघवीत जंतू वाढतात. जळजळ, ताप, पोटात दुखणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा, प्लीज. आणि दूध किती पिते बघा, आमची दुधावरच पोट भरायची आणि भाजी-फळाला हातच लावायची नाही.

बालवाडीची ताई, हडपसर:
"मागतच नाही" हे मला पटलं नाही. एवढंसं मूल नव्या जागी मागत नसतं, आपण न्यायचं असतं. आम्ही डबा झाला की सगळ्यांनाच नेतो, आली नाही तरी बसून येतात आणि हात धुतात. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डी गावात बालवाडीचं काम सुरू केलं, तेव्हा मुलांची स्वच्छता हासुद्धा बालवाडीच्याच कामाचा भाग होता, हे शाळेला नक्की सांगा.
एकदा तिच्यासोबत ते टॉयलेट बघून या. आमच्याकडचा एक मुलगा फ्लशच्या आवाजाला घाबरायचा, कळायला महिना गेला आम्हाला. घरी कमोडवर बसवत असाल तर पायाखाली पाट ठेवा, पाय लोंबकळले की जोर लावता येत नाही, गुडघे कमरेच्या वर हवेत. जेवण झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी पाचेक मिनिटं बसवा, पोटात अन्न गेलं की आतडी हलायला लागतात. नाही झाली तर ओरडू नका हं, अजिबात.

कोथरूडची आई:
ताई, काल गेले होते. मोठ्या माणसांचा कमोड आहे, ती दारातच माझा कुर्ता धरून उभी राहिली आणि म्हणाली, आई मी आत पडेन. दोन महिने हे लेकरू हेच मनात घेऊन बसलं होतं, मला तिथेच रडू आलं. मॅडमनी छोटी सीट आणि स्टूल ठेवायचं कबूल केलंय, डब्यानंतर मावशी नेतील. आज बाटली अर्धी रिकामी आली. शीचं अजून तसंच आहे, शनिवारी डॉक्टरांकडे नेतेय.