मदत हवी आहे: गोवर-रुबेलाच्या लशीत माणसाच्या पेशी असतात का? आत्याबाईंना काय सांगू?

नमस्कार. आम्ही जिंतूर तालुक्यातले, जि. परभणी. लेकीला नऊ महिने पूर्ण झालेत, बुधवारी उपकेंद्रात गोवर-रुबेलाची लस द्यायचीय. भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरतोय की या लशीत पाडलेल्या गर्भाच्या पेशी घालतात, त्या लेकराच्या अंगात वाढतात आणि कॅन्सर होतो. आत्याबाई माळकरी आहेत. "असलं काही माझ्या नातीला टोचायचं नाही," असं त्यांनी निक्षून सांगितलंय.

आशाताई म्हणाल्या, अफवा आहे, सोडून द्या. पण मी सिस्टरांकडून लशीच्या खोक्यातला कागद मागून घेतला. मुंगीएवढी अक्षरं, तरी स्पष्ट लिहिलंय की दोन्ही विषाणू 'ह्युमन डिप्लॉइड सेल'वर, म्हणजे माणसाच्या पेशींवर वाढवलेत. म्हणजे सगळंच खोटं नाही. मला लस द्यायचीच आहे, पण आत्याबाईंना डावलून नाही. लेकरू दिवसभर त्यांच्याच मांडीवर असतं. त्या पेशी लशीत उरतात का? उरल्या तर काय होतं? नीट माहिती असलेल्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद: ताई, मी लातूरला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. विषाणू वाढवायला जिवंत पेशीच लागते. त्यासाठी जगभर वापरतात त्या 'डब्ल्यूआय-३८' आणि 'एमआरसी-५' या पेशी १९६०च्या दशकात दोन गर्भांच्या फुप्फुसांतून घेतल्या. ते गर्भपात लशीसाठी केलेले नव्हते. त्याच पेशी वाढवून, गोठवून आजवर वापरतात, नवा गर्भ लागत नाही. हे आत्याबाईंपासून लपवू नका.

कॅन्सरचं म्हणाल तर अशा पेशी साधारण पन्नास वेळा विभागतात आणि थांबतात; हेफ्लिक या शास्त्रज्ञांनी १९६१ मध्येच हे दाखवलं. कॅन्सरची पेशी थांबतच नाही. त्याआधी पोलिओची लस माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत करत, तेव्हा १९५५ ते १९६३ दरम्यान काही लशींत 'एसव्ही-४०' हा माकडांचा विषाणू शिरला होता. म्हणून तर तपासून ठेवलेल्या मानवी पेशींकडे शास्त्रज्ञ वळले. विषाणू वाढला की द्रव गाळून घेतात. डीएनएचे अतिसूक्ष्म तुकडे उरू शकतात, पण तुकड्यांतून पेशी तयार होत नाही.

आणि आत्याबाईंना हे जरूर सांगा: गरोदरपणी रुबेला झाला तर गर्भ पडू शकतो, नाहीतर लेकरू बहिरं, मोतीबिंदू घेऊन किंवा हृदयाच्या दोषासह जन्मू शकतं. ही लस त्यापासूनच वाचवते.

धागाकर्ती: खूप आभार! हे आज रात्रीच बोलते त्यांच्याशी. एक राहिलं, लेकीला थोडी सर्दी आहे, चालेल का?

प्रतिसाद: साध्या सर्दीत चालतं. आधीच्या कुठल्या लशीने जोराची ॲलर्जी झाली असेल तर मात्र सिस्टरांना सांगा. बाटलीतली लशीची पूड द्रवात किती वाजता कालवली तेही विचारा, चार तासांनंतर ती वापरायची नसते. आठवडाभराने ताप किंवा पुरळ आलं तर घाबरू नका, दोन-तीन दिवसांत जातं. ताप उतरेना किंवा लेकरू मलूल वाटलं तर लगेच डॉक्टरांना दाखवा.