सिनसिनाटीत दोन दिवस: गुडघा दुखरा, बायको शाकाहारी

गवतीचहा:
आम्ही ओहायोतल्या कोलंबसला राहतो. पुढच्या महिन्यात लग्नाला बारा वर्षं होतील, पोरं मेहुणीकडे सोडायची ठरलंय. रविवार-सोमवार सिनसिनाटीला जावं म्हणतो, गाडीने दोन तासांचा रस्ता. बायकोचा गुडघा कुरकुरतो, त्यात ती शाकाहारी. तिथे खरंच काही आहे की नुसतंच 'डाउनटाउन सुधारलं'चं कौतुक?

उंबरठा:
आधी तो सोमवार बदला. फिंडली मार्केट सोमवारी बंद, आर्ट म्युझियमही बंद. आम्ही हाच घोळ घातला होता. बंद शटरसमोर बायकोने माझ्याकडे जे पाहिलं, त्यावर परतीचे दोन तास गाडीत कोणी बोललं नाही. शुक्रवारी संध्याकाळी निघा.

हॉटेल 'ओव्हर-द-राइन' या जुन्या वस्तीच्या आसपास, ट्रामच्या मार्गावर घ्या आणि गाडी पार्किंगमध्ये विसरा. ट्राम फुकट आहे, मार्केटपासून थेट नदीपर्यंत जाते. गुडघ्याचा प्रश्न तिथेच मिटला. माउंट अॅडम्सचा चढ मात्र पायी नकोच.

नाव ऐकून राइन नदी शोधत बसू नका हं. जर्मन लोक इथे वसले तेव्हा मध्ये एक कालवा होता, तो ओलांडला की गमतीने 'राइनपल्याड' म्हणायचे. पुढे कालवा आटवून 1920 च्या दशकात त्याच जागी भुयारी रेल्वेचे बोगदे बांधले. गाडी आजवर एकही धावली नाही! वर सेंट्रल पार्कवे आहे.

2001 मध्ये याच वस्तीत दंगल पेटली होती. आज त्याच विटांच्या घरांत महागडी कॉफी मिळते. रंगरंगोटी सुंदर आहे, पण आधीची माणसं कुठे गेली, हे मला तिथे फिरताना सतत टोचतं.

संध्याकाळी स्मेल पार्कातल्या झोपाळ्यावर बसा. समोर रोब्लिंगचा झुलता पूल, 1867 पासूनचा. रोब्लिंगनेच आखलेला न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल यानंतरचा. पुलाचा रस्ता लोखंडी जाळीचा, त्यामुळे प्रत्येक गाडीबरोबर घूंऽऽ असा सूर निघतो. पलीकडचा काठ केंटकीचा. दुसऱ्या खेपेला आम्ही तासभर बसलो. भांडण तिथेच विरलं.

चिंचगूळ:
इथल्या चिलीत (खिम्याचा पातळ रस्सा) दालचिनी असते आणि ती स्पॅगेटीवर ओततात. नवऱ्याने मिटक्या मारल्या, मला वासच सहन होईना. शाकाहारी माणसाला स्कायलाइन या चिलीच्या हॉटेलात ब्लॅक बीन्स-भाताचा प्रकार मिळतो, पोट भरतं एवढंच. खरी चैन ग्रेटर्सचं आइस्क्रीम. ब्लॅक रास्पबेरी चॉकलेट चिप घ्या. 'चिप' कसली, अंगठ्याएवढा चॉकलेटचा तुकडा येतो, चमच्याने तुटत नाही. वाटून खायच्या भानगडीत पडू नका.

उंबरठा:
चिलीबद्दल असहमत, पण आइस्क्रीमला अनुमोदन.

गवतीचहा:
शुक्रवार पक्का केला. धागा बायकोला वाचून दाखवला. म्हणाली, "झोपाळा चालेल, पण आइस्क्रीम दोन घ्यायची."