काळ्या दगडाची टाइल: जोड दिसतोच आहे

पिक्सेलपेठ:
शनिवार पेठेतल्या जुन्या वाड्याच्या जोत्याचा फोटो आहे. काळा घडीव दगड, सांध्यांत चुना. त्यातून ५१२ × ५१२ पिक्सेलची टाइल, म्हणजे पुन्हा पुन्हा शेजारी मांडायचा तुकडा, कापून वेबसाइटच्या मागे लावली. टाइलला टाइल भिडते तिथे रेघ दिसते, आणि लांबून पान बुद्धिबळाच्या पटासारखं वाटतं. गिम्पमध्ये (फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर) कडा ब्लर, म्हणजे धूसर केल्या तर धुरकट चौकट आली. काय चुकतंय?

आडवीरेघ:
कडा ब्लर करायच्याच नसतात. पट दिसतो तो उजेडामुळे: फोटोची एक बाजू जराशी उजळ असते, एकट्या फोटोत जाणवत नाही, चाळीसदा मांडली की डोळ्यात भरते. कापण्याआधी, पूर्ण फोटोवर उजेड सपाट करा. लेयरची (चित्राच्या थराची) कॉपी काढा, वरच्या कॉपीला गॉशियन ब्लर द्या, एका दगडाच्या रुंदीच्या साधारण दुप्पट. मग तिचा मोड ग्रेन एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे खालच्या चित्रातून हा धूसर उजेड वजा होतो. ब्लर कमी पडला तर दगडादगडातला रंगफरकही जातो. चित्र करडं पडेल, ते कर्व्ह्जने (उजेड-अंधार बदलायचं साधन) गडद करा.

मग कापून शिफ्ट-कंट्रोल-ओ (ऑफसेट, म्हणजे चित्र सरकवणं), आडवं-उभं दोन्हीकडे निम्मं सरकवा, रॅप अराउंड चालू, म्हणजे एका कडेने बाहेर गेलेलं समोरच्या कडेने आत येतं. जोड आता मधोमध अधिकच्या चिन्हासारखा दिसेल. तो पुसायला दगडावर हील (आजूबाजूच्या रंगात मिसळणारा ब्रश), चुन्याच्या रेघेजवळ मात्र क्लोन (दुसरीकडचा तुकडा जसाच्या तसा उमटवणारा). हील तिथे काळंपांढरं कालवून डाग पाडतं. चिन्हाची चार टोकं कडेला टेकतात, त्यांना आत्ता हात लावू नका. पुन्हा शंभरेक पिक्सेल सरकवलं की ती आत येतात, तेव्हा पुसा.

थरावरथर:
हे बरोबर, पण काप चुकला असेल तर क्लोन करकरून हात दुखतील. दगडांचे थर मोजा. एकाआड एक थरात उभे सांधे सरकलेले असतात, म्हणून टाइलमध्ये दोन किंवा चार पूर्ण थर हवेत. तीन घेतलेत तर टाइलच्या कडेवर सांध्याखाली सांधा येतो, आणि असली भिंत कुठलाही गवंडी बांधणार नाही. टाइल चौरसच हवी असं कोण म्हणतं? फोटोत थर बाक खात असतील तर मागे सरकून झूमने काढा. दिवस ढगाळ पण कोरडा हवा, भिजलेला दगड चमकतो.

पिक्सेलपेठ:
चार थर, ६४० × ३८४. जोड गेला! आता दगडफुलाचा एक पांढरट ठिपका ओळीने दिसतोय, आणि फोनवर केसाएवढी फट.

कात्रजबोगदा:
ठिपका पुसा, दगडफूल मसाल्यातच बरं. फट येते ती बहुधा सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणारा कोड) बॅकग्राउंड-साइझ, म्हणजे टाइलचं माप, टक्क्यांत दिल्यामुळे. माप अपूर्णांकात गेलं की टाइलची कड अर्ध्या पिक्सेलवर पडते. सरळ निम्मं, ३२० × १९२ पिक्सेल द्या, दाट स्क्रीनवरही रेखीव दिसेल. शिवाय बॅकग्राउंड-कलर टाइलच्या सरासरी रंगाचा ठेवा, म्हणजे झूममध्ये फट राहिली तरी दिसत नाही. जेपीईजी फार दाबू नका; ते चित्र छोट्या चौकोनांत तोडून साठवतं, आणि दाबलं की कडेचे चौकोन शेजाऱ्याशी जुळेनासे होतात. म्हणून मूळ चित्राचं माप १६ च्या पटीत ठेवायचं असतं, तुमचं आहेच.

आणि मराठी मजकूर थेट या दगडावर नको. ठिपक्यांत अनुस्वार हरवतो, ‘मंगल’चं ‘मगल’ होतं. अक्षरांमागे गडद, जवळपास अपारदर्शक पट्टी द्या. पांढऱ्या अक्षरांचा ४.५:१ कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागच्या रंगाच्या उजळपणाचं किमान गुणोत्तर) पट्टीतून दिसणाऱ्या चुन्याच्या रेघेवर मोजा, दगडावर नाही.